निष्ठा काय फक्त पोरांनीच दाखवायची?

जानेवारी उजाडला की इथे ओहायोतल्या कोलंबसमध्ये एकच विषय, पोर्टलमध्ये (कॉलेज बदलायचं असेल तर खेळाडू जिथे नाव नोंदवतात ती यादी) कोण गेला नि कोण आला. (भारतातल्या दोस्तांनो, हा अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळतात तो. आणि कॉलेजची टीम म्हणून हसू नका, ओहायो स्टेटच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर पब्लिक बसतं.) मग ठरलेलं रडगाणं, हल्लीच्या पोरांना निष्ठा म्हणून राहिली नाही, पैसा दिसला की पळाले. आपल्याकडे आमदारांच्या खोक्यांबद्दल बोलतात ना, सेम टोन.

मला आता हे ऐकवत नाही.

आधी काय होतं? पोराने कॉलेज बदललं की एक सीझन बाहेर बसायचं, प्रॅक्टिस कर पण मॅच नाही. कोचला असलं काही नाही, तो आज इथे उद्या तिथे. 2021 मध्ये पहिल्या ट्रान्सफरपुरती ही अट गेली, 2024 पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. त्यात 2021 पासून एनआयएलचे (जाहिरातीत स्वतःचं नाव, चेहरा वापरू देण्याचे) पैसे, आणि 2025 पासून तर कॉलेजच थेट पैसे देतंय. बाजार मांडला कोणी, तर मोठ्या माणसांनी. यूएससी आणि यूसीएलएने टीव्हीच्या पैशासाठी पॅक-12 ही बारा कॉलेजांची लीग सोडली, बघता बघता बारातली दहा कॉलेजं गेली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट मागे उरली बिचारी. सोडून जाणाऱ्यांना कोणी गद्दार म्हणालं? टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये कोच जिम्बो फिशरला काढलं ते साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं कबूल करून, म्हणजे काम न करण्याचे पैसे! आणि ओल मिसचा कोच लेन किफिन तर टीम 11-1 (अकरा जिंकल्या, एक हरली) असताना, प्लेऑफ तोंडावर आलेली असताना एलएसयूला निघून गेला. पोरं थांबली, खेळली, आणि शुगर बोल या प्लेऑफच्या मॅचमध्ये जॉर्जियाला हरवून दाखवलं.

आता आमचंच बघा. क्विन युअर्स हा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) 2021 मध्ये शाळेचं शेवटचं वर्ष सोडून ओहायो स्टेटला आला, मॅचमध्ये जेमतेम दोन स्नॅप (दोन चाली) खेळला आणि टेक्ससला गेला. काय शिव्या घातल्या लोकांनी! पुढे 10 जानेवारी 2025, कॉटन बोल, आमच्याविरुद्ध टेक्सस 21-14 ने मागे, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), गोललाइन समोर, शेवटची दोनेक मिनिटं, आणि युअर्सच्या हातातून बॉल उडवला कोणी तर जॅक सॉयरने, इथलाच बाजूच्या पिकरिंग्टनचा पोरगा, कॉलेजात युअर्सचा रूममेट. तोच बॉल उचलून 83 यार्ड पळाला. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, वरच्या मजल्यावरून बायको, काय झालं काय झालं.

झालं, निष्ठेचा विजय वगैरे पोस्ट सुरू. पण त्याच टीमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आलेला, जडकिन्स ओल मिसमधून, केलेब डाउन्स अलाबामामधून. त्यांच्या जिवावर चॅम्पियन झालो तेव्हा निष्ठा कुणाला आठवली नाही. गेला तो गद्दार आणि आला तो आपला, असं कसं चालेल राव?

नुकसान होतंय हे मान्य आहे. सॉयरसारखं गावातलं पोरगं चार वर्षं डोळ्यासमोर मोठं होताना बघायची जी मजा आहे ती कमी होत चाललीय, दर ऑगस्टला रोस्टर उघडलं की निम्मी नावं अनोळखी. आणि पोर्टलमध्ये उडी मारलेल्या सगळ्यांनाच कोटी मिळत नाहीत, कित्येकांना कुणी घेतच नाही, जुनी स्कॉलरशिपही हातची जाते आणि एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं मधल्या मध्ये लटकतं. त्याची बातमी होत नाही.

माझं म्हणणं इतकंच, दोन-तीन वर्षांचं धड कॉन्ट्रॅक्ट करा, दोन्ही बाजूंना बांधणारं, पोरांची युनियन मान्य करा, आणि सीझन संपेपर्यंत कोचलाही हलू देऊ नका. पण त्यासाठी पोरं ही कर्मचारी आहेत हे कबूल करावं लागेल, आणि तिथेच कॉलेजांचं घोडं अडलंय.

पटत नसेल तर खाली भांडा. मिशिगनवाल्यांनी (आमचे जुने वैरी) जरा जपून.