छोटी पैज आणि सांगलीचा सौदा: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं: पोकरमध्ये पान तगडं असेल तर पैज छोटीच लावावी, मोठी लावली की गडी पत्ते टाकून पळतो. वर दाखला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा, सुरुवातीला कमी बोलायचं आणि भाव आपोआप चढू द्यायचा. आणि पैजेच्या मापाची माझी आकडेमोड म्हणजे 'साताऱ्यात बसून केलेला पुस्तकी खेळ'.

सौद्यात भाव चढतो कारण शेजारच्या व्यापाऱ्यालाही तीच हळद हवी असते. पत्त्यांच्या टेबलावर पैज वाढवायची सक्ती कुणावरच नसते. तुम्ही 200 लावलेत, तर समोरचा 200 देऊन पुढचं पान बघतो, झालं.

समजा तुमच्याकडे एक्का-राजा आहे. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत, बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, 1000. समोरच्याकडे दोन बदाम, म्हणजे फ्लशला (एकाच रंगाची, इथे बदामाची, पाच पानं) एकच पान कमी. त्याला न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम उरलेत, टर्नवर (चौथ्या सामाईक पानावर) लागायची शक्यता साधारण 19 टक्के. तुमच्या 200 ला कॉल करायला, म्हणजे तेवढेच देऊन खेळात राहायला, त्याला 14 टक्के पुरतात (1400 च्या पॉटमध्ये त्याचे 200). तुम्ही त्याला फायद्यात बसवलंत! 500 लावले असते तर 25 टक्के लागले असते. फ्लश लागल्यावर तो आणखी किती काढेल हा हिशोब वेगळा, पण तो तर छोट्या पैजेच्या आणखीच विरोधात जातो. त्यात तुमच्या टेबलावर आठजण. स्वस्तात चौघं आले की कुणा ना कुणाचं काहीतरी जुळतंच.

आता 'पळतो' बद्दल. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या सामाईक पानावर) तुमच्या 200 ला तो दर वेळी येतो असं धरा. 500 ला पाचातून दोनदाच आला तरी कमाई तेवढीच, तिसऱ्यांदा आला की तुम्ही पुढे. आणि फ्लॉप, टर्न, रिव्हर अशा तिन्ही फेऱ्या धरल्या तर फरक डोळे दिपवतो. 1000 च्या पॉटवर दर वेळी पाचवा हिस्सा लावा, तीन कॉलनंतर त्याच्याकडून 872 येतात. अर्धा पॉट लावा, 3500. पूर्ण पॉट लावा, 13000. तीन पत्तीत चाल आधीच्या चालीला बांधलेली असते, म्हणून ही सवय तिथे लागत नाही. नो-लिमिटमध्ये, म्हणजे पैजेला वरची मर्यादा नसलेल्या पोकरमध्ये, पैज पॉटच्या मापानं बघावी लागते.

एका बाबतीत तुमचं पटतं. तोच फ्लॉप तीन वेगळ्या रंगांचा असता, तर पॉटचा तिसरा हिस्साही चालला असता. तिथे फ्लशवाल्याकडून वसूल करण्यासारखं काही नसतं.

पण 'चांगल्या पानाला छोटी, ब्लफला (हातात काही नसताना लावलेल्या पैजेला) मोठी' हा नियम सोडाच. रोजचे गडी दोन बैठकांत ओळखतात. दोन्हींना माप एकच ठेवा. रिव्हरवर पूर्ण पॉट लावत असाल तर दोन खऱ्या पानांमागे एक ब्लफ, एवढं प्रमाण पुरे.

जुगाराला उत्तेजन देतो म्हणालात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदी आली, ती मला ठाऊक आहे. आमच्याकडे चिप्स नसतील तेव्हा चिंचोके चालतात, पैसे कधीच नाही.

प्रतिक्रियेत तुम्ही वर्णन केलेल्या तुमच्या डावात टर्नला तुमच्यापुढे किती चिप्स उरल्या होत्या, ते मात्र लिहिलं नाहीत. पॉट 1000 आणि हातात 900 असतील तर छोटी की मोठी हा वादच नाही, सरळ ऑल-इन, सगळ्या चिप्स पुढे. 6000 असतील तर कळवा, त्या टर्नवर वेगळं बोलू.