एलाच्या आधीचा चिक वेब

अमेरिकन जॅझ ड्रमर आणि बँडलीडर चिक वेब याचं नाव निघालं की एक मत हमखास ऐकायला मिळतं. थोड्याफार फरकाने ते असं: वेब हा स्विंगच्या, म्हणजे तिशीच्या दशकातल्या नाचायच्या जॅझच्या, काळातला एक साधारण बँडवाला. एला फिट्झगेराल्ड या गायिकेला दत्तक घेतलं म्हणून त्याचं नाव राहिलं. 'स्टॉम्पिन् अ‍ॅट द सव्हॉय' ही गाजलेली चीज बँडलीडर बेनी गुडमनची. ड्रमला मान मिळवून दिला तो गुडमनच्या ड्रमरने, जीन क्रूपाने. आणि वेबच्या रेकॉर्डवर ड्रम तर धड ऐकूही येत नाहीत.

यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो शेवटी घेतो. बाकीचं मला मान्य नाही.

आधी 'स्टॉम्पिन्'चं बघू, कारण ते तारखांवरच मिटतं. ही चीज एडगर सॅम्पसनची. सॅम्पसन वेबच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा आणि अरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं त्याची मांडणी, लिहायचा. वेबने ती १९३४च्या मे महिन्यात रेकॉर्ड केली, गुडमनने १९३६च्या जानेवारीत. 'डोन्ट बी दॅट वे'चीही तीच गत. वेबची रेकॉर्ड १९३४ची, आणि गुडमनने १६ जानेवारी १९३८ला कार्नेगी हॉलच्या मैफलीची सुरुवात तिने केली. गोंधळ होतो तो श्रेयनामावलीमुळे. दोन्ही चिजांच्या श्रेयात सॅम्पसनच्या जोडीला गुडमनचं नाव छापलेलं आहे. त्या काळी प्रसिद्ध बँडलीडरचं नाव असं जोडलं जाणं सर्रास चालायचं, आणि खुद्द वेबचं नावही 'स्टॉम्पिन्'वर तसंच आहे. गुडमनचा बँड उत्तम होता, त्याच्या रेकॉर्ड जास्त खपल्या, पण म्हणून चीज त्याची होत नाही.

आता एला. विल्यम हेन्री वेब हा बाल्टिमोरचा. लहानपणी मणक्याचा क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची जेमतेम चार फुटांवर थांबली. पेपर विकून पैसे साठवले आणि ड्रम घेतले. विशीच्या आत न्यूयॉर्कला आला. १९२९मध्ये 'जंगल बँड' या नावाने त्याच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या सव्हॉय बॉलरूम या नाचाच्या हॉलमध्ये तो १९२७पासून वाजवत होता आणि तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा बँड तिथला कायमचा बँड झाला. एला बँडमध्ये आली १९३५ला. म्हणजे हार्लेममध्ये वेबचं नाव झालं तेव्हा एला अजून शाळकरी वयाची होती. उलट तिच्या अवताराकडे बघून वेब आधी नाहीच म्हणाला होता. बँडचा गायक चार्ल्स लिंटन याने तिची बाजू लावून धरली, मग कुठे तिला संधी मिळाली. दत्तक घेतल्याची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तसं कायदेशीर दत्तकविधान कधी झालंच नाही.

एक मात्र खरं. १९३८च्या 'अ-टिस्केट, अ-टास्केट'ने जे यश दिलं ते बँडला आधी कधी मिळालं नव्हतं, आणि पुढे डेक्का या रेकॉर्ड कंपनीला वेबकडून मुख्यतः एलाचीच गाणी हवी असायची. तिचं ते यश पूर्णपणे तिचं आहे. पण दुकानात काय खपत होतं त्यावरून ड्रमरचा हात कसा होता ते कळत नाही.

क्रूपाबद्दल मला आदर आहे. ड्रमर हा रंगमंचावरचा नायक असू शकतो हे देशभरच्या श्रोत्यांना त्याने दाखवलं, आणि 'सिंग, सिंग, सिंग'ची १९३७ची आठ मिनिटांवर चालणारी, तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेली रेकॉर्ड आजही अंगावर काटा आणते. पण त्याच वर्षी ११ मे रोजी सव्हॉयमध्ये गुडमन आणि वेब यांच्या बँडचा सामना झाला. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखाच प्रकार: दोन फड, आणि कौल समोरच्या लोकांचा. हॉल खचाखच भरला, हजारो लोकांना बाहेरूनच परतावं लागलं. कौल वेबला मिळाला. क्रूपाने आपली हार मोकळेपणाने कबूल केली, आणि वेबचं मोठेपण तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. वेब अजिंक्य होता असं मी म्हणणार नाही. दोनच महिने आधी ड्यूक एलिंग्टनच्या बँडसमोर वेबच्या बँडला नमतं घ्यावं लागलं होतं. पण क्रूपाचं नाव पुढे करून वेबला मागे ढकलणाऱ्यांनी आधी क्रूपाचंच ऐकावं.

राहिला ड्रम ऐकू न येण्याचा मुद्दा. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावत. ड्रमचा दणका बाकी वाद्यांना गिळू नये म्हणून ड्रमरला मायक्रोफोनपासून लांब बसवत. वेबचा बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, तर २८ इंची. सव्हॉयमध्ये जो जमिनीतून पायात चढायचा तो तबकडीवर पुसट होतो, हे मान्य. पण पुसट म्हणजे नाही असं नव्हे.

आपण तबलजीला फक्त सोलोवरून जोखत नाही, साथ कशी आहे ते बघतो. वेबला तसंच ऐकायला हवं. त्याला नोटेशन वाचता येत नसे, अरेंजमेंट ऐकून पाठ करायचा. त्यामुळे ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, कुठे उसळणार हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असायचं. सव्हॉयचा नर्तक फ्रँकी मॅनिंग सांगायचा की वेबचं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांकडे असे आणि त्यांच्या हालचाली तो ड्रमवर नेमक्या पकडायचा. 'लिटल चिक्स' या छोट्या संचाच्या १९३७च्या रेकॉर्ड लावा. फ्लूट आणि क्लॅरिनेटमागे तोच दणकेबाज माणूस किती हलक्या हाताने वाजवतो!

मग 'हार्लेम काँगो' लावा, नोव्हेंबर १९३७ची. हेडफोन असेल तर उत्तम. शेवटाकडे बँड गप्प होतो आणि अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ वेब एकटा उरतो. लय भन्नाट चढी, तरी स्नेअर या छोट्या ड्रमवरचा एकेक बोल दाणेदार, सुटा. सम कुठेही हलत नाही. आणि सगळा बँड परत कोसळतो तेव्हा कुणालाही पाऊल चाचपावं लागत नाही, कारण उतरायची जागा वेबने आधीच आखून ठेवलेली असते.