चॅट डोअरच्या इन्स्टॉलेशनवर आलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. राग आला म्हणून त्या दिवशी काही लिहिलं नाही, आज तुमच्या मशीनच्या कॉन्फिगचा बॅकअप (इन्स्टॉल झाल्यावर आम्ही घेतो तो) उघडून बसलोय आणि मग लिहितोय. बाकीच्यांना संदर्भ म्हणून सांगतो, दादांच्या दोन लायनींच्या डायल-अप बीबीएसवर (मॉडेमने फोन लावून जोडायचा बुलेटिन बोर्ड) आम्ही चॅटचं डोअर (बीबीएसमधून चालणारा वेगळा प्रोग्राम) बसवून दिलं, त्यांचं म्हणणं असं की पहिल्याच दिवशी कॉलरच्या स्क्रीनवर कचरा आला, तो गेल्यावर दोन कॉलर एकाच वेळी आत असूनही एकमेकांना दिसेनात, कोणी चॅटमध्ये असलं की दुसऱ्या लायनीवरचं अपलोड सारखं एरर खातं, आणि एकदा नोड (म्हणजे बीबीएसची एक लाईन) अडकून रात्रभर नुसती रिंग वाजत राहिली. आणि शेवटी "चार फाइली कॉपी केल्या आणि पैसे घेऊन मोकळे झाले".

ते शेवटचं वाक्य लागलं, पण पहिल्या दोन तक्रारींपुरतं तुमचं बरोबर आहे, चूक आमची आहे.

झालं काय ते सांगतो. मेनूतून चॅट निवडलं की बीबीएस आधी एक छोटी टेक्स्ट फाइल लिहितो, कोण आलाय, कुठल्या पोर्टवर, किती मिनिटं उरलीत वगैरे, आणि मग डोअरच्या हातात कॉलर देऊन बाजूला होतो. तीच ड्रॉप फाइल. तुमच्याकडे जुन्या गेम्ससाठी डॉरइन्फो१.डेफ आधीपासून बनत होती, आमच्या मुलाने तीच चॅटला जोडून दिली. गेमला ती पुरते, चॅटला पुरत नाही, कारण तिच्यात नोड नंबरची ओळच नसते. नावातला तो १ काही बीबीएस नोडप्रमाणे बदलतात आणि काही कायम १च ठेवतात, तुमचा दुसऱ्या जातीतला निघाला. म्हणजे लाईन एकवरून आलेला पण नोड १ आणि दोनवरून आलेला पण नोड १! मागून आलेल्याने आधीच्याची नोंद पुसून त्याच जागी स्वतःची टाकली, आणि आपल्याच नोडचा मेसेज आपल्याला परत दाखवायचा नाही असा प्रोग्रामचा नियम, त्यामुळे दोघं एकाच खोलीत बसून दोघांनाही खोली रिकामी.

मग टेस्टमध्ये हे कसं नाही कळलं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. टेस्ट झाली ती नल मॉडेम केबल (दोन कॉम्प्युटर मॉडेमशिवाय थेट जोडणारी) लावून, लॅपटॉपवरून, एका वेळी एकच जण. आत गेला, "हॅलो" टाइप केलं, दिसलं, बाहेर आला, मग दुसऱ्या पोर्टवर केबल लावून परत तेच. एका हाताने टाळी वाजवली आणि आवाज आला म्हणून लिहून दिलं. कचऱ्याचं मूळ पण त्याच केबलमध्ये आहे, केबलवर स्पीड ३८४०० (सेकंदाला बिट) होता आणि पोर्टही ३८४०० ला लॉक, मग सगळं छानच दिसणार. खऱ्या कॉलमध्ये मॉडेम १४४०० ला जोडला, डॉरइन्फोमध्ये स्पीडची ओळ एकच असते आणि तुमचा बीबीएस तिथे कनेक्टचा स्पीड लिहितो, चॅटने तो वाचून पोर्टच १४४०० वर आणला, मॉडेम मात्र पोर्टशी ३८४०० नेच बोलत राहिला. ते तुम्ही फोन केलात त्याच संध्याकाळी फॉसिल ड्रायव्हरमध्ये (प्रोग्राम आणि सिरियल पोर्ट यांच्यातला दुवा) दोन्ही पोर्टचा स्पीड लॉक करून सुटलं, रिव्ह्यूत हे पण आलं असतं तर बरं वाटलं असतं, असो. मुलाला काही बोललो नाही कारण चेकलिस्ट माझी आहे आणि तिच्यात "दोन कॉल एकत्र" ही ओळच नव्हती. आता आहे.

उपाय अवघड नाहीये. दोन्ही नोडना वेगवेगळी डिरेक्टरी आणि चॅटसाठी डोअर.सिस, तिच्यात चौथ्या ओळीत नोड नंबर असतो, दुसऱ्या ओळीत कॉलरचा स्पीड आणि पाचव्यात पोर्टचा, म्हणजे दोन्ही भानगडी एकाच फाइलने मिटतात. गेम्सना हात लावायचा नाही, ते जुन्या फाइलवरच चालू देत. शेअर.एक्सई (डॉसचा फाइल शेअरिंग आणि लॉकिंगचा प्रोग्राम) तुमच्याकडे लोड होतंय ते मी बघितलं, त्याशिवाय दोन नोडनी एकच फाइल उघडणं धोक्याचंच, फक्त लॉकची संख्या डीफॉल्ट २० आहे ती वाढवतो.

अपलोडचं मात्र मी अंगावर घेणार नाही दादा. इन्स्टॉलच्या आधीच लेखी कळवलं होतं की तुमच्या दुसऱ्या सिरियल कार्डावर १६४५० चिप आहे. ह्या चिपमध्ये आलेल्या एका बाइटपुरतीच जागा असते, तिच्या सुधारित १६५५०ए मध्ये १६ बाइट्सची रांग असते. मॉडेम आलेला डेटा साठवतो आणि पोर्टच्या स्पीडने ओततो, ३८४०० ला सेकंदाला ३८४० अक्षरं, म्हणजे दर पाव मिलिसेकंदाला एक नवीन बाइट, आणि तेवढ्या वेळात आधीचा कोणी उचलला नाही तर तो गेलाच. एरवी तुमचं ४८६ तेवढं उरकतं. पण चॅटमध्ये कोणी असलं की ते सारखं डिस्कवर जाऊन नवीन मेसेज आलाय का बघतं, डेस्कव्ह्यू (दोन्ही नोड एकाच मशीनवर चालवणारा प्रोग्राम) दोन खिडक्यांमध्ये उड्या मारत असतं, आणि नेमक्या त्या क्षणी इंटरप्टला (बाइट आला, उचल असं सांगणाऱ्या चिपच्या हाकेला) उशीर होतो. एक बाइट हरवला की सीआरसी (डेटा नीट आला का ते तपासायचा आकडा) जुळत नाही, झेडमोडेम (फाइल पाठवायची पद्धत) तो भाग परत मागवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं चॅटने अपलोड खाल्लं. डाउनलोडला काही होत नाही हे तुम्हीच लिहिलंय ना, कारण तेव्हा डेटा बाहेर जात असतो, आत येणारं फारच थोडं. चॅटच्या सेटिंगमध्ये रिकाम्या वेळात प्रोसेसर सोडून द्यायचा पर्याय चालू आहे, तो आम्ही पहिल्याच दिवशी केला होता. चॅटच्या तात्पुरत्या फाइली रॅम डिस्कवर (मेमरीतच बनवलेली डिस्क) नेऊन ठेवतो, त्याने बराच फरक पडेल. पण खरा इलाज कार्ड बदलणं हाच, आणि ते जमेपर्यंत दुसरा पोर्ट १९२०० ला लॉक करा, चिपला दुप्पट वेळ मिळेल.

आता अडकलेला नोड. रिव्ह्यूला जो फोटो लावलाय त्यात मॉडेमची इनिट स्ट्रिंग (सुरुवातीला मॉडेमला दिलेल्या सेटिंगच्या कमांड) दिसतेय, नुसतं एटी&एफ. आमच्या बॅकअपमध्ये &सी१ आणि &डी२ आहे. पहिल्याने मॉडेम कॅरियरची खरी स्थिती कळवतो, दुसऱ्याने कॉम्प्युटर सांगेल तेव्हा फोन ठेवतो. मधे कोणीतरी बदललंय, कोणी ते मी विचारत नाही. &एफ म्हणजे फॅक्टरी सेटिंग, आणि तुमच्या मॉडेमची फॅक्टरी सेटिंग अशी की कॅरियर (समोरचा मॉडेम जोडलेला असल्याचा सिग्नल) असो वा नसो, कॉम्प्युटरला "आहे" असंच सांगायचं. कॉलरची लाईन कट झाली, मॉडेमने फोन ठेवला, पण चॅटला वाटतंय माणूस अजून बसलाय. काही न करता बसलेल्याला बाहेर काढणारा टाइमआउट होता, तो "निवांत गप्पा मारू द्या लोकांना" म्हणून तुम्हीच बंद करायला लावला होता. मग चॅट वाट बघत बसलं आणि तिकडे लोकांना रिंग ऐकू येत राहिली. खरं सांगू का, रिंगच वाजली ते नशीब समजा, ऑटो आन्सर चालू असता तर पुढचा कॉलर थेट आधीच्याच्या लॉगिनमध्ये जाऊन बसला असता आणि त्याचे खासगी मेसेज वाचले असते. ती स्ट्रिंग आजच परत टाका, आमची वाट बघू नका, आणि टाइमआउट निदान दहा मिनिटांचा तरी राहू द्या.

"मेसेंजरसारखं वाटत नाही, समोरचा टाइप करताना दिसत नाही" हे पण लिहिलंय. ती चूक नाही, आम्ही मुद्दाम ओळ पूर्ण झाल्यावर पाठवायचा मोड ठेवला. तुमचे दोन-तीन कॉलर २४०० वर येतात, सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं, ८० बाय २५ ची स्क्रीन एकदा पूर्ण काढायची तर आठ सेकंद गेले. स्प्लिट स्क्रीन (दोघांचं टाइपिंग अक्षरागणिक दाखवणारी) त्यांना झेपणार नाही, शिव्या तुम्हालाच पडतील. आणि बीबीएस मुळात गप्पांसाठी जन्मलाच नाही हो, १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सीबीबीएस हा पहिला बीबीएस चालू केला तेव्हा एका वेळी एकच माणूस फोन लावू शकायचा, निरोप चिकटवून जायचा, पुढचा येऊन वाचायचा. चॅट हे नंतर लावलेलं ठिगळ आहे, मला स्वतःला फार आवडणारं ठिगळ आहे, पण शिवणीपाशी ओढ बसतेच.

तर आता असं करू. येत्या रविवारी रात्री दहानंतर, तुमच्याकडे कॉल कमी असतात तेव्हा, आम्ही डोअर.सिस आणि रॅम डिस्कचं काम करून देतो, ह्याचे काही पैसे नाहीत. मग केबल-बिबल काही नाही, मी एका फोनवरून आणि मुलगा दुसऱ्यावरून, दोघं एकदमच डायल करतो, एक जण बोलता बोलता मुद्दाम वायर उपटेल म्हणजे नोड सुटतो का ते पण कळेल. दोघं एकमेकांना दिसलो नाही तर चॅटची पूरी फी परत. तुम्ही फक्त मशीनसमोर बसा आणि त्या दिवशी अपलोडवाल्यांना जरा थांबायला सांगा.