भाकरीच्या ताटात ‘क’ कुठून आणायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘क’ जीवनसत्त्वावरच्या माझ्या लेखात संत्री-किवीचं कौतुक झालं आणि सोलापूरच्या डाळिंबाला एका वाक्यात निकालात काढलं. गरम जेवणावर लिंबू पिळू नका, हा फाजील सोवळेपणा आहे. आणि आमच्या ताटात रोज लिंबाची फोड असते, तेवढं पुरे.

किवीचं कबूल. ते उदाहरण आपल्या मंडईतलं नव्हतंच. पेरू त्याच्याहून स्वस्त आणि सरस: १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम ‘क’ असतं, संत्र्यात ४०-५०.

डाळिंबाचं मात्र मागे घेत नाही. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच आहे, आणि अभिमान रास्तच आहे. पण १०० ग्रॅम दाण्यांत ‘क’ भरतं जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम. डाळिंब खावं ते त्यातल्या पॉलिफेनॉलसाठी (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं), तंतूंसाठी, चवीसाठी. ‘क’साठी त्याच्यावर विसंबू नये.

आता लिंबू. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण आंबट म्हणजे भरपूर ‘क’ असं डोक्यात बसलेलं असतं. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. ‘क’चा त्यातला वाटा छोटा. एका मध्यम लिंबातून १५ ते २० मिलिलिटर रस निघतो, म्हणजे ७ ते १० मिलिग्रॅम ‘क’. तुमच्या ताटातली पाव लिंबाची फोड पिळली तर हाती दोन-अडीच मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) २०२०चं कोष्टक सांगतं. एवढं सगळं लिंबातूनच मिळवायचं तर रोज आठ-दहा लिंबं लागतील, आणि उन्हाळ्यात त्यांचा भाव काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

बाकीचं ताट पाहा. ज्वारीची भाकरी, मग ती मालदांडी वाणाची असो की कडक भाकरी, ‘क’ शून्य. शेंगा चटणी, शून्यच. दही, नगण्य. कच्चा कांदा, १०० ग्रॅमला सातेक. म्हणजे आपलं जेवण चांगलं असूनही नेमकी हीच जागा रिकामी राहते.

आणि ती रिकामी राहणं महाग पडतं, ते लोहामुळे. ज्वारीत १०० ग्रॅमला चारेक मिलिग्रॅम लोह असतं, पण धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. त्याच घासांबरोबर ‘क’ पोटात गेलं, तर लोह विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात राहतं. सकाळी नुसता पेरू खाऊन दुपारी भाकरी खाल्ली तर हा फायदा मिळत नाही; दोन्ही एकाच जेवणात हवेत. म्हणून सुचवतो पेरूची कोशिंबीर: अर्धवट पिकलेल्या पेरूच्या पाव भागाच्या (३५-४० ग्रॅम) बारीक फोडी, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर. दही घालू नका, कॅल्शियममुळे लोहाचं शोषण थोडं घटतं. एवढ्यात ७० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ मिळतं. पेरू नसेल तेव्हा कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा शेवग्याच्या शेंगांची आमटी. आमटीत पाण्यात उतरलेलं ‘क’ निदान रश्श्यातून पोटात जातं; भाजी उकडून पाणी ओतून दिलं की ते मोरीत गेलं. शिजवताना सोडा तर नकोच, अल्कलीत ‘क’ टिकत नाही. आणि जेवणावर लगेच चहा घेतलात तर पुन्हा लोहाचं नुकसान, तासभर थांबा.

गरम जेवणावर लिंबू पिळण्याबद्दल तुम्ही बरोबर आहात, मी नको तितकं ताणलं होतं. ताटात पिळून लगेच खाल्लं तर फारसं काही जात नाही, शिवाय सायट्रिक आम्लही लोहाला थोडी मदत करतं. नुकसान होतं ते रस घालून आमटी उकळत ठेवल्यावर, किंवा चिरलेलं फळ तासन्‌तास उघडं राहिल्यावर. सगळ्यांत वाईट म्हणजे तांब्याच्या बाटलीतलं लिंबूपाणी. तांब्यामुळे ‘क’ झपाट्याने नासतं आणि आम्लात तांबंही उतरतं. सरबत स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा.

शेवटी तुम्ही ‘क’च्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचं विचारलंत. लोहाच्या गोळीबरोबर डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या. सर्दी झाल्यावर सुरू करून उपयोग नाही. आधीपासून रोज घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सरासरी ८ टक्के लवकर आटोपते, इतकंच. एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत शरीर बहुतेक सगळं शोषतं, १०००च्या पुढे निम्मंसुद्धा नाही. जादा ‘क’चा काही भाग ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतो, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी आपल्या उन्हाळ्यात, पाणी कमी पडत असताना, हजारच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नयेत.

आवळ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: हंगामात किसून, मीठ लावून फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीत चव उरते, ‘क’ फारसं उरत नाही.