जुन्या एक्स २७० चा विचार नक्की करा

प्रवासासाठी नवा, पातळ लॅपटॉपच घ्यावा, हे लेखातलं मत मला पटत नाही. कमी बजेटवाल्यांनी लेनोवोचा सेकंडहँड लॅपटॉप थिंकपॅड एक्स २७० जरूर बघावा. २०१७ चं मॉडेल, १२.५ इंची स्क्रीन, एसटीच्या सीटवर मांडीवर आरामात मावतो. मुख्य म्हणजे तो उघडून वाढवता येतो. रॅमचा (म्हणजे चालू कामाच्या मेमरीचा) स्लॉट एकच आहे, त्यामुळे ८ जीबीची काढून थेट १६ जीबीची डीडीआर४ प्रकारची पट्टी टाकावी. आत जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (चिपवरची वेगवान डिस्क) बसवा, सगळ्यात जास्त फरक तिथेच जाणवतो. (मागचं झाकण उघडण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आतली बॅटरी बंद करायला विसरू नका!)

बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागे. आतलीत चार्ज असेल तर मशीन चालू असतानाच मागची बदलता येते. रात्रभराच्या रेल्वे प्रवासात ही सोय सोन्यासारखी आहे. मात्र विमानात सुटी बॅटरी केबिन बॅगेतच ठेवावी लागते.

पुढच्याच वर्षी आलेल्या एक्स २८० मध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, म्हणजे नंतर वाढवता येत नाही. तो घ्यायचा तर १६ जीबीवालाच घ्या. त्याची जमेची बाजू म्हणजे आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, एक्स २७० वर नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून मी एक्स २७० वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मराठी टायपिंग, ब्राउझर, फोटो, सगळं व्यवस्थित चालतं.