लाकडी स्टोव्हबद्दल फिरणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

घर गरम करणाऱ्या लाकडी स्टोव्हबद्दल, म्हणजे लाकूड जाळायच्या दार आणि चिमणी असलेल्या बंद शेगडीबद्दल, गेले काही दिवस एक पोस्ट हातोहात पुढे पाठवली जाते आहे. तिचा सारांश असा: माणूस हजारो वर्षं लाकूड जाळत आला, कुणाला काही झालं नाही. लाकडाचा धूर नैसर्गिक, म्हणून निर्धोक. तो चिमणीतून वर जातो, घरात येत नाही. झाडाने घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, म्हणजे हिशेब शून्य. नवे स्टोव्ह तर प्रमाणित असतात. तरीही सरकारं फायरप्लेसवर, म्हणजे भिंतीतल्या शेकोटीवर, बंदी घालत आहेत, कारण त्यांना लोक विजेवर आणि गॅसवर अवलंबून हवे आहेत. आणि फारच काळजी वाटत असेल तर चिमणी न लागणारी इथेनॉलची फायरप्लेस घ्या, तिला धूरच नसतो.

यातली दोन-तीन विधानं अर्धी खरी आहेत, म्हणून ती चटकन पटतात. ज्या घरात दम्याचं मूल आहे तिथे ही पोस्ट वाचून कुणी निर्धास्त होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

'नैसर्गिक' या शब्दाचा निकाल आधी लावू. लाकूड पूर्ण जळालं तर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि राख एवढंच उरेल. घरातल्या आगीत ते कधीच पूर्ण जळत नाही. अर्धवट जळतं तो धूर, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड आणि अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण असतात. या कणांना पीएम २.५ म्हणतात. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. घरात लाकूड जाळून होणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं आहे, गट २अ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. कण लाकडातून आला की डिझेलमधून, याने या मर्यादेत काही सूट मिळत नाही. आणि हजारो वर्षं लोकांना काही झालं नाही हे खरं नाही. झालं, फक्त कुणी मोजलं नव्हतं.

'धूर चिमणीतून वर जातो' हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण घरात बसलेल्याला खरोखर तसंच दिसतं. स्टोव्हचं दार बंद असेपर्यंत ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण ओंडका घालायला दार उघडलं की खोलीतली हवा भसकन आत शिरते, चिमणीची ओढ क्षणभर ढिली पडते आणि दाराच्या वरच्या कडेखालून करड्या धुराची एक पातळ पट्टी खोलीत येते. त्या दाराच्या वरच्या भिंतीवरून कधी ओलं पांढरं फडकं फिरवून पाहा. फडक्यावर जी काळपट पिवळी रेघ उमटते, तोच धूर एका संध्याकाळी चार-पाच वेळा श्वासात गेलेला असतो. राख काढताना उडणारा धुरळा वेगळाच. उघड्या फायरप्लेसला तर दारही नसतं. ती खोलीतली तापलेली हवाच ओढून बाहेर फेकते आणि तिच्या जागी फटींमधून गार हवा येते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते, ती यामुळेच.

बाहेर पडलेला धूर तरी कुठे जातो? थंडीच्या निवांत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा नसतो. धूर छपरांच्या उंचीवर साचतो आणि दाराखिडक्यांच्या फटींतून शेजाऱ्याच्या घरात शिरतो, आपल्याही घरात परततो. आणि सगळी वस्ती स्टोव्ह पेटवते ती नेमकी अशाच रात्री. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर अशाच झाकणाखाली कोळशाचा धूर कोंडला, हजारो माणसं दगावली आणि १९५६ चा 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' आला. धूरनियंत्रित क्षेत्रं तिथे त्या कायद्याने आली. वीज किंवा गॅस विकण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

कार्बनचा हिशेब शून्य, हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात एवढ्याच उष्णतेसाठी लाकडातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड नैसर्गिक वायूच्या जवळपास दुप्पट असतो: गिगाज्यूल या उष्णतेच्या एककामागे लाकूड ११२ किलो, वायू ५६ किलो. नवं झाड तो परत शोषून घेईल हे खरं, पण त्याला दशकं लागतात, आणि झाड लावलं तरच. वठलेलं, पडलेलं लाकूड जाळणाऱ्याची बाजू इथे थोडी बरी आहे हे मान्य करायला हवं. पण कार्बनचा हिशेब जुळला म्हणून धूर स्वच्छ होत नाही. हवामान आणि फुप्फुस हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पोस्टने ते एकात कालवले आहेत.

आता 'प्रमाणित स्टोव्ह'. नवे स्टोव्ह जुन्यांपेक्षा खूप बरे आहेत, यात वाद नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये पहिला नियम आला, २०२० पासून मर्यादा ताशी २ ग्रॅम कणांची आहे. मात्र हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, मापून कापलेल्या, मापून वाळवलेल्या लाकडावरचा. २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेच्याच महानिरीक्षक कार्यालयाने या प्रमाणन व्यवस्थेवर सडकून टीका केली. आणि ज्या घरात ओलं लाकूड जळतं तिथे कोणतंही प्रमाणपत्र कामाला येत नाही. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात निम्मं पाणीच असू शकतं. आगीत घातला की त्याच्या टोकांना फेस येतो, सूं सूं आवाज होतो, काच तासाभरात काळी पडते. आगीची ताकद आधी ते पाणी उकळण्यात जाते आणि लाकडातले वायू न जळताच धुरातून निसटतात. वाळलेली दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर खणखणीत वाजतात, ओली थप्प आवाज करतात. नक्की कळायचं तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापक टेकवावा. बाहेरून टेकवलं तर वाळलेली साल फसवते.

दुसरी सवय याहून वाईट. रात्री झोपताना स्टोव्ह गच्च भरायचा आणि हवेची झडप बंद करायची, म्हणजे सकाळपर्यंत धग टिकते. टिकते खरी, पण लाकूड ज्वाळेने जळण्याऐवजी धुमसत राहतं आणि रात्रभर धूर ओकतं. मला विचाराल तर कुणी एकच गोष्ट बदलणार असेल तर त्याने ही बदलावी.

बंदीचं म्हणाल, तर नियम काय म्हणतात ते वाचायला हवं. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल तर त्यातला ओलावा २० टक्के किंवा कमी असावा लागतो. हा विक्रेत्यावरचा नियम आहे. जर्मनीत १९९५ ते मार्च २०१० दरम्यान बसवलेले, मर्यादेत न बसणारे स्टोव्ह २०२४ अखेरपर्यंत सुधारायचे किंवा बंद करायचे होते. न्यूझीलंडमध्ये २ हेक्टरपेक्षा लहान जागेत नवा स्टोव्ह बसवायचा तर किलोमागे दीड ग्रॅमपेक्षा कमी कण आणि किमान ६५ टक्के कार्यक्षमता लागते. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात घर विकताना जुना, अप्रमाणित स्टोव्ह काढावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नव्या बांधकामात लाकडी फायरप्लेसला २०१६ पासून खरोखर मनाई आहे, ते लपवायचं कारण नाही. पण पॅरिसमधली बहुचर्चित बंदी अमलात येण्याआधीच मागे घेतली गेली, ते पोस्टमध्ये नाही.

'आकडे फुगवलेले असतात' असंही एक वाक्य पोस्टमध्ये घुसडलं आहे. ब्रिटनमध्ये घरगुती लाकडाचा पीएम २.५ मधला वाटा आधी ३८ टक्के सांगितला जायचा, आणि २०२२ मध्ये तो १७ टक्क्यांवर आला, हे खरं आहे. लोक समजलं होतं त्यापेक्षा कमी लाकूड जाळतात हे नव्या पाहणीत दिसलं, म्हणून दुरुस्ती झाली. पण दुरुस्तीनंतरचा आकडाही रस्त्यावरच्या वाहनांपेक्षा जास्तच होता. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या लाँसेस्टन शहराने २००१ पासून लोकांना स्टोव्ह बदलायला मदत केली. लाकडी स्टोव्हची घरं ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली आणि हिवाळ्यातले धूलिकण घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर. हिवाळ्यात हृदयविकार आणि श्वसनविकारांनी होणारे मृत्यूही घटले. एवढा फरक एका शहराच्या चिमण्यांनी पडतो.

लाकूड सोडलं आणि वीज गेली तर ऊब कुठून आणायची, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मात्र रास्त आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरात २०१८ पासून ताशी अडीच ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडणारा स्टोव्ह वापरता येत नाही, पण वीज तीन तासांहून जास्त वेळ गेली तर तोही पेटवायला मुभा आहे. माणसाला गारठून मारायला नियम केलेले नसतात.

पर्यायांबद्दल थोडक्यात. ऊब हवी तर हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र, उत्तम. एक युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता देतो. ज्वाळेचं नुसतं दर्शन हवं तर विजेची फायरप्लेस, तिच्यात काहीच जळत नाही. गॅसची घ्यायची तर काच पक्की बंद असलेली, हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारी घ्यावी. चिमणी नसलेली गॅस फायरप्लेस कॅलिफोर्नियात घरांसाठी निषिद्ध आहे, ते उगाच नाही. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळणारा पेलेट स्टोव्ह ओंडक्यांच्या स्टोव्हपेक्षा बराच स्वच्छ, पण पंख्याला वीज लागते.

आणि ती इथेनॉलची. धूर दिसत नाही हे खरं, पण जे जळतं त्याचं सगळं खोलीतच राहतं: कार्बन डायऑक्साइड, वाफ, नायट्रोजन डायऑक्साइड, थोडं फॉर्मल्डिहाइडही. त्यात मोठा धोका पुन्हा भरताना. इथेनॉलची बारीक ज्वाला उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असं समजून माणूस बाटली तिरपी करतो आणि आग धारेवरून चढत बाटलीत शिरते. बाटलीतली वाफ पेटून जळतं इथेनॉल समोर बसलेल्यांवर फेकलं जातं. ज्यांच्या घरी ती आधीच आहे त्यांनी बर्नर पूर्ण गार होईपर्यंत बाटलीला हात लावू नये, आणि पेटलेली असेपर्यंत खिडकीची फट उघडी ठेवावी.