आकड्याच्या डोक्यावरची चांदणी

दिवाळीचे सेल जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच साच्याचे मेसेज येऊ लागतात. दोन फोनचा शेजारी शेजारी लावलेला तक्ता, ज्याचा आकडा मोठा त्याच्यापुढे हिरवी खूण आणि खाली "दादा, डावीकडचाच घेऊ ना?" डावीकडच्याला सात हिरव्या खुणा, उजवीकडच्याला चार. म्हणजे निकाल लागलेलाच असतो, मी फक्त शिक्का मारायचा असतो. दरवेळी एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तक्त्यातले आकडे सहसा खोटे नसतात. कंपन्या तेवढ्या बावळट नाहीत. प्रश्न असतो तो आकडा कोणी मोजला आणि कुठल्या परिस्थितीत मोजला याचा. गाडीचं मायलेज बघा. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे, तिथे रोलरवर गाडी चालवून मायलेज काढतात. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो आकडा मिळत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण निदान पद्धत ठरलेली आहे आणि मोजणारा तिसराच आहे, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना तरी करता येते. फोनच्या बऱ्याच आकड्यांना तेवढाही आधार नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस, चार्जिंगला लागणारा वेळ, एका चार्जवर व्हिडिओ किती तास चालेल, हे सगळं कंपनी स्वतःच्या लॅबमध्ये, स्वतःच ठरवलेल्या अटींवर मोजते. ती अट आकड्यावरच्या छोट्या चांदणीपाशी (*) लपलेली असते आणि तिचा खुलासा पान खाली खाली नेलं की राखाडी अक्षरांत सापडतो. तुलना करणाऱ्या साइट आकडा उचलतात, चांदणी तिथेच सोडून देतात.

ब्राइटनेसचंच घ्या. "४५०० निट्स" (निट्स म्हणजे उजळपणाचं माप) वाचून वाटतं, भर उन्हात शेतात उभं राहूनही पेपर वाचल्यासारखी स्क्रीन दिसेल. तो पीक आकडा असतो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या, व्हिडिओत स्क्रीनचा एखादा बारकासा तुकडा क्षणभर तेवढा उजळतो. अख्खी स्क्रीन उन्हात किती उजळते तो आकडा वेगळा, 'एचबीएम' (हाय ब्राइटनेस मोड) या नावाने कुठेतरी खाली दिलेला आणि पुष्कळ लहान. दोन फोनचे एचबीएम शेजारी ठेवले की बरेचदा फरक उरतच नाही.

रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर, फार वेळ घालवत नाही. जाहिरातीत "१६ जीबी" आणि बारीक अक्षरात "८+८" असेल तर रॅम आठच आहे. उरलेली आठ म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरणं. स्वस्त फोनमध्ये स्टोरेज ईएमएमसी ५.१ जातीचं असतं आणि त्याची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. साध्यातली साधी रॅमसुद्धा त्याच्या कित्येक पट वेगाने चालते. म्हणून स्टोरेज ईएमएमसी आहे की त्याहून वेगवान यूएफएस, हे रॅमच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. गंमत बघा, चांगलं असेल तर कंपनी "यूएफएस ३.१" ठळक छापते. नसेल तर नुसतं "१२८ जीबी". जिथे काही लिहिलेलं नाही तिथे मी आधी बघतो, आणि फोन निवडताना मला सगळ्यात जास्त उपयोग याच सवयीचा झालाय.

आता कॅमेरा. इथे मात्र काही कंपन्यांनी सरळसरळ बनवाबनवी केलेली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियाने लुमिया ९२० फोन आणला. हात हलला तरी व्हिडिओ कसा स्थिर येतो ते दाखवायला सायकलवरच्या मुलीची क्लिप लावली. एका दृश्यात मागच्या काचेत प्रतिबिंब दिसलं: गाडीत बसलेला माणूस, हातात मोठा कॅमेरा. नोकियाला माफी मागावी लागली. वाईट याचं वाटतं की त्या फोनचं स्टॅबिलायझेशन खरोखरच चांगलं होतं, खोटं करायची गरजच नव्हती. २०१६ मध्ये ह्युआवेने पी९ फोनच्या प्रचारात एक सुंदर फोटो टाकला, लोकांनी फाइलमधली माहिती उघडून बघितली तर तो कॅनन ५डी मार्क ३ या मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्याने काढलेला. आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर २०२५ मध्ये नथिंग कंपनीच्या फोन (३) च्या डेमो पीसमध्ये 'आमच्या ग्राहकांनी काढलेले' म्हणून ठेवलेले फोटो बाहेरच्या फोटोग्राफरांकडून लायसन्स घेऊन वापरलेले निघाले. ते तात्पुरते ठेवले होते, बदलायचे राहून गेले, असं कंपनीने सांगितलं. असेलही. पण दुकानातल्या डेमो पीसच्या गॅलरीवर मी तरी विश्वास ठेवत नाही. दोन फोटो स्वतः काढा, एक दिव्याखाली आणि एक दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात.

मेगापिक्सेलचं तर काय सांगू. १०८ मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये बहुतेकदा नऊ नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० वाला सोळा सोळा एकत्र करतो, उत्तर साधारण तेवढंच. हे तंत्र वाईट नाही, कमी उजेडात त्याचा फायदा होतो. पण '१०८' आणि '५०' यांच्यात हिरवी खूण द्यायची तर सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार बघून द्या. ॲपलने आयफोन ६एस पासून १३ पर्यंत, म्हणजे २०१५ ते २०२१, मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला आणि तेवढ्यात लोकांच्या लग्नांचे अल्बम झाले. तक्त्यात "ट्रिपल कॅमेरा" दिसला तर दुसरा आणि तिसरा किती मेगापिक्सेलचा ते बघा. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून टिपणारा) आणि दोन मेगापिक्सेलचा डेप्थ (अंतर मोजणारा) म्हणजे मागच्या बाजूची गोल नक्षी, बाकी काही नाही.

चंद्राचा किस्सा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मार्च २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवर एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या अल्ट्रा फोनने लांबून झूम करून टिपला. मूळ चित्रात विवरं नव्हतीच, फोनने काढलेल्या फोटोत ती उमटली. नंतर सॅमसंगनेच समजावून सांगितलं की समोर चंद्र आहे हे ओळखलं की सॉफ्टवेअर बारकावे वाढवतं. याला फसवणूक म्हणायचं का यावर लोक अजून भांडतात. मला विचाराल तर कोजागिरीला गच्चीवर काढलेला फोटो छान आला म्हणून आनंद मानायला हरकत नाही. फक्त "१०० एक्स झूम" ला लेन्सचं कर्तृत्व समजू नका.

आता पाणी, कारण आपल्याकडे चार महिने पावसाचे आणि मे महिन्यात सगळे तारकर्ली नाहीतर गोव्याला. आयपी६८ हा फोन पाणी आणि धूळ किती रोखतो याचा दर्जा. त्यातली पाण्याची चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर होते. किती खोल आणि किती वेळ हे एक मीटरच्या पुढे कंपनीच ठरवते. जाहिरातीत मात्र पोरं फोन घेऊन स्विमिंग पुलात आणि समुद्रात. ऑस्ट्रेलियात याच कारणावरून जून २०२२ मध्ये सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. पुलाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात बुडवून फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला तर पोर्ट गंजू शकतो, हे कंपनीने तिथे मान्य केलं. त्याआधी २०२० मध्ये इटलीत ॲपलला १ कोटी युरोचा दंड बसला. तिथला मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: जाहिरातीत पाण्याची बढाई आणि वॉरंटीत मात्र पाण्याने झालेलं नुकसान धरलेलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही फोनचं वॉरंटी कार्ड काढा आणि 'लिक्विड डॅमेज' शोधा. हल्ली मधल्या किमतीच्या फोनवर आयपी६९ सुद्धा मिरवतात. त्या चाचणीत ८० अंश तापमानाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारतात. आपला फोन तसल्या फवाऱ्याखाली कधी जाणार? खाऱ्या पाण्याबद्दल त्यात अक्षर नाही.

बेंचमार्कचे, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपचे आकडे, ते अनटुटू का काय लाखांत सांगतात ना, त्यांचा इतिहास तर आणखी मजेशीर. २०१३ मध्ये गॅलेक्सी एस४ बेंचमार्क ॲप ओळखून चिपचा वेग वाढवतो हे उघड झालं. अमेरिकेतला त्यावरचा खटला २०१९ मध्ये १.३४ कोटी डॉलरला मिटला, ग्राहकांच्या वाट्याला दहा दहा डॉलर. २०२२ मध्ये उलटा प्रकार निघाला: सॅमसंगचं एक सॉफ्टवेअर गेम आणि इतर ॲपचा वेग रोखत होतं, बेंचमार्क ॲपला मात्र हात लावत नव्हतं. गीकबेंच या बेंचमार्क ॲपने एस१० पासून एस२२ पर्यंतच्या फोनचे निकाल यादीतूनच काढून टाकले. एकट्या सॅमसंगच्या मागे लागलोय असं वाटू देऊ नका. वनप्लस, ह्युआवे, रिअलमी सगळ्यांची नावं वेगवेगळ्या वर्षी अशाच प्रकरणांत येऊन गेली आहेत.

आणि नाव तेच पण फोन वेगळा, हेही असतं. गॅलेक्सी एस२४ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन चिपवर आणि भारतात एक्सिनॉस चिपवर विकला गेला. न्यू जर्सीत बसलेल्या भाच्याने "मामा, बेस्ट आहे" सांगितलं तर तो खोटं बोलत नाही, तो वेगळ्या फोनबद्दल बोलतोय. कधी उलटं आपल्या बाजूने पडतं: नथिंग फोन (३) ची बॅटरी भारतात ५५०० एमएएच, बाहेर ५१५०. त्यामुळे रिव्ह्यू बघताना तो फोन भारतीय बाजारातला आहे का, एवढं विचाराच.

पण मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते ५जी. कारण इथे गरीब माणूस फसतो. एक लाखाचा फोन घेणाऱ्याला ५जीचे दोन्ही प्रकार मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए४ ५जी आला, ८,४९९ रुपयांपासून. नाव ५जी, फोन खरोखर ५जी. मात्र त्यातली चिप फक्त 'एसए' म्हणजे स्टँडअलोन, ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी पकडते. जिओचं नेटवर्क एसए. एअरटेलने ऑक्टोबर २०२२ पासून जे ५जी उभारलं ते मुख्यतः 'एनएसए', म्हणजे ४जीच्या आधारावर चालणारं. फोन बाजारात आला तेव्हा एअरटेलचं सिम घातलं की ५जी लागत नव्हतं. तपशिलाच्या पानावर "एसए: एन१, एन३..." अशी ओळ होती (एन१ वगैरे म्हणजे ५जीच्या लहरींचे पट्टे), कंपनीला दोष देता येणार नाही. पण आठ हजाराचा फोन हप्त्यावर घेणाऱ्या माणसाने त्या ओळीत 'एनएसए' हे शब्द नाहीत, हे ओळखायचं कसं? आणि तुलनेच्या तक्त्यात? तिथे "५जी" पुढे हिरवी खूण. गावात ज्याच्या टॉवरची रेंज येते तेच सिम लोक वापरतात, फोन बघून सिम बदलत नाहीत. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला प्रमोटर हे आपणहून सांगेल अशी अपेक्षाही ठेवू नका, त्याला त्या महिन्याचं टार्गेट आहे.

युरोपात जून २०२५ पासून फोनवर फ्रीजसारखं लेबल सक्तीचं झालंय. एका चार्जवर किती तास, बॅटरी ८० टक्क्यांवर यायच्या आधी किती वेळा पूर्ण चार्ज होते, पडल्यावर किती टिकतो, दुरुस्तीला सोपा का अवघड, सगळं ठरलेल्या एकाच पद्धतीने. त्यांची ईप्रेल नावाची यादी इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. तुमचा मॉडेल युरोपातही विकला जात असेल तर तिथे शोधा, वर सांगितलेला बॅटरीचा फरक लक्षात ठेवून. आपल्याकडे असं लेबल नाही, ते हवं असं माझं ठाम मत आहे. पण अगदीच काही नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या नियमांनुसार तळटीप मूळ दाव्याला खोडून काढणारी चालत नाही आणि ती दाव्याच्याच भाषेत असावी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यासाठी खरेदीच्या दिवशीच जाहिरातीचा आणि उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पानं मागाहून गुपचूप बदलतात.

आणि "लवकरच येणार" वर फोन घेऊ नका. २०२४ मध्ये ॲपलने नव्या सिरीची (बोलून काम सांगायच्या मदतनिसाची) जाहिरात करून आयफोन १६ विकला, मार्च २०२५ मध्ये ती सिरी पुढे ढकलली आणि जाहिरात मागे घेतली. ॲपलची ही गत, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. अपडेट किती वर्षं देणार हे वचन वेगळं, ते लेखी आणि तारखेसकट असेल तर जरूर मोजा. सॅमसंगच्या एस२४ ला आणि गूगलच्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचं आहे. स्वस्त फोनच्या पानावर ही ओळ बहुतेक वेळा नसतेच.

कमेंटमध्ये तुलना टाकणार असाल तर जरूर टाका, सवडीने उत्तर देतो. फक्त तक्त्याचा स्क्रीनशॉट नको. मॉडेलचं पूर्ण नाव, बजेट, सिम कुठल्या कंपनीचं, आणि फोन किती वर्षं वापरायचा विचार आहे एवढं लिहा. आईवडिलांसाठी घेत असाल तर तेही लिहा, त्यांच्यासाठी माझी यादी वेगळी आहे आणि तिच्यात मेगापिक्सेल नाहीत.